डबा उघडताना, पापुद्रा काढताना

रंगकामात मुरलेला कारागीर डब्याचं झाकण निघालं की वासावरूनच सांगतो: हे एनसी थिनर, हे पीयूचं, ह्यात रॉकेल मारलंय. गाड्यांच्या गॅरेजमध्ये, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये, गोदीत अशी तयार नाकं मी पाहिली आहेत आणि त्यांचं मला मनापासून कौतुक आहे. मालातली भेसळ पकडायला याहून चांगला परीक्षक मिळणार नाही. पण धोका पकडायला तेच नाक कामाचं नाही. हे कळायला उशीर होतो आणि हातात कला असलेली माणसं ऐन उमेदीत दमेकरी होऊन घरी बसतात. म्हणून हे प्रकरण.

पत्र्यावर नीट वाळून बसलेला रंग सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. त्यातलं पातळ करणारं द्रावण उडून गेलेलं असतं, राळ घट्ट झालेली असते आणि रंगद्रव्य त्या राळेत चिणलं गेलेलं असतं. त्रास आहे तो या अवस्थेच्या अलीकडे आणि पलीकडे. अलीकडे म्हणजे डबा उघडून रंग कालवताना आणि मारताना. पलीकडे म्हणजे पंधरा-वीस वर्षांनी तोच रंग पोपडे धरू लागला, की तो घासून, जाळून किंवा रसायनाने उतरवताना. पहिल्या वेळी हवेत वाफ आणि तुषार असतात, दुसऱ्या वेळी धूळ आणि धूर. पहिल्या वेळी निदान डब्यावर काही तरी छापलेलं असतं. दुसऱ्या वेळी समोरच्या रंगात काय आहे हे सांगणारं कुणीच नसतं.

आधी थिनर घेऊ, कारण त्याच्याशी सगळ्यांचीच गाठ पडते. थिनर हे एकच एक द्रव्य नाही. टोल्युइन, झायलिन, ॲसिटोन, ब्युटिल ॲसिटेट अशांचं ते मिश्रण असतं. कुठलं किती हे कंपनीगणिक बदलतं. टोल्युइनची वाफ सुमारे ४ अंश सेल्सिअसलासुद्धा ठिणगी मिळाली तर पेट घेते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठची एखादी पहाट सोडली तर आपल्याकडे पारा सहसा इतका खाली जातच नाही. म्हणजे उघडा ठेवलेला थिनरचा डबा बारा महिने पेटण्याच्या तयारीत असतो. शिवाय ही वाफ हवेच्या तिपटीहून जड. ती वर जात नाही. सांडलेल्या पाण्यासारखी जमिनीलगत पसरते, उताराकडे वळते, गाडीखालच्या खड्ड्यात साचून राहते. शेडच्या या टोकाला रंग कालवणं चालू आहे आणि त्या टोकाला ग्राइंडर, ही आपल्याकडची नेहमीची मांडणी. आग लागते ग्राइंडरपाशी आणि जमिनीवरून पळत डब्यापर्यंत येते.

हे एकदा लक्षात आलं की छताजवळ लावलेल्या एक्झॉस्ट फॅनचा उपयोग किती कमी ते कळतं. वाफ खाली आहे, तर ओढणारा पंखाही खाली, जमिनीलगत हवा. आणि ताजी हवा समोरच्या बाजूने आत यायला वाट हवी. पंख्याची मोटरही साधी चालत नाही. तिच्यातली ठिणगी बाहेर येणार नाही अशी, ज्याला कारखान्यात फ्लेमप्रूफ म्हणतात, तशी ती लागते. हीच गोष्ट ढवळायच्या यंत्राची. हातातल्या ड्रिल मशीनला पातं लावून रंग घोटायची पद्धत सर्रास आहे. ड्रिलच्या मागच्या जाळीतून डोकावून पाहिलं तर कार्बन ब्रशपाशी निळसर ठिणग्या चमकताना दिसतात. त्या ठिणग्या वाफेने भरलेल्या डब्याच्या बरोबर वर, हातभर अंतरावर असतात. कंप्रेसर असतोच, तर हवेवर चालणारा स्टरर घ्यावा. तो महाग नाही आणि त्यात ठिणगीचा प्रश्नच येत नाही.

ठिणगी आणखी एका ठिकाणी जन्मते, आणि तिथे ती कुणाच्या ध्यानीमनीही नसते. थिनर वरून धारेने ओतलं की त्या धारेत स्थिर वीज साठत जाते. प्लॅस्टिकच्या कॅनमधून प्लॅस्टिकच्या बादलीत, वरून, भराभर ओतणं म्हणजे ती वीज गोळा करण्याचाच प्रकार. मोठ्या पिंपातून काढायचं असेल तर दोन्ही भांडी धातूची असावीत, ती तारेने एकमेकांना जोडावीत, पिंप अर्थ केलेलं असावं आणि धार भांड्याच्या कडेने, हळू सोडावी. नायलॉनच्या टी-शर्टापेक्षा अंगात सुती कपडा बरा.

आगीचा धोका निदान डोळ्यांसमोर तरी असतो. शरीरावरचा परिणाम मुकाट्याने होतो. थिनरचा वास पहिल्यांदा डोक्यात जातो, मग पंधरा-वीस मिनिटांत येईनासा होतो. हवा स्वच्छ झालेली नसते, नाक थकलेलं असतं. या वेळी वाफ फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जात असते, कारण हे सगळे द्रव चरबीत विरघळतात आणि मेंदूत चरबी भरपूर. डोकं जड होणं, हलकी नशा, संध्याकाळी उगाच चिडचिड. रविवारी सुटीच्या दिवशी बरं वाटणं आणि सोमवारी पुन्हा तेच. हे ज्याला ओळखीचं वाटतं त्याने कामाच्या जागेची हवा तपासून घ्यावी.

या तक्रारींना नाव मिळालं ते उत्तर युरोपात. १९७० च्या दशकात डेन्मार्क आणि शेजारच्या देशांत वर्षानुवर्षं रंगकाम केलेल्या माणसांमध्ये विसराळूपणा, एकाग्रता न होणं, स्वभाव बदलणं अशी लक्षणं डॉक्टरांना दिसू लागली. डेन्मार्कमध्ये तर या आजाराला ‘रंगाऱ्याचा आजार’ अशा अर्थाचंच नाव पडलं. तिथल्या सरकारने पुढे काय केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. रंगाच्या प्रत्येक डब्यावर दोन आकड्यांचा एक संकेत छापणं त्यांनी सक्तीचं केलं. पहिला आकडा सांगतो की यातली वाफ विरळ करायला किती हवा लागेल, दुसरा सांगतो की कातडीला लागला, तुषार म्हणून ओढला गेला किंवा पोटात गेला तर किती घातक. आकडे पाहिले की कुठल्या कामाला कुठला मास्क आणि कुठले हातमोजे ते तक्त्यावरून ठरतं. ज्याला रसायनशास्त्राचा गंध नाही त्यालाही ते वापरता येतं. आपल्याकडे डब्याबरोबर सुरक्षा माहितीपत्रक मागायचा हक्क आहे, त्यात सोळा विभाग असतात. पण ते बहुधा इंग्रजीत असतं आणि मालकाच्या टेबलाच्या खणात. ते सगळं वाचायची गरज नाही. दुसरा विभाग धोका सांगतो, चौथा प्रथमोपचार, आठवा कुठली साधनं घालायची ते. एवढे तीन जरी मराठीत करून भिंतीवर लावले तरी मोठं काम होईल.

पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये मी एक दुपार बसून काढली होती. तिथलं रंग कालवणं मला अजून जसंच्या तसं दिसतं. पाण्याच्या रिकाम्या बाटलीचं वरचं नरसाळं कापून तिचं मापटं केलेलं. त्यात क्लिअर ओतला, मग डोळ्याच्या अंदाजाने हार्डनर, मग थिनर. वेल्डिंगच्या सळईच्या तुकड्याने ढवळलं, सळई वर उचलून धार किती पातळ पडते ते पाहिलं, आणि ओघळलेला थेंब अंगठ्याने निपटून पँटला पुसला. मदतीला अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. तो म्हणाला, “उस्ताद, आज वास कमी आहे.” उस्ताद म्हणाले, “भारीतला माल आहे. वास मारत नाही.” आणि तोंडावर रुमाल बांधून त्यांनी गन हातात घेतली.

त्या मापट्यातला हार्डनर म्हणजे आयसोसायनेट. गाड्या, बस, यंत्रं, कपाटं यांवरच्या टिकाऊ, काचेसारख्या चकचकीत टू-पॅक पीयू, म्हणजे दोन डब्यांतून येणाऱ्या पॉलियुरेथेन रंगाचं सगळं बळ त्यात असतं. राळेशी त्याची गाठ पडली की दोन्ही मिळून एक जाळं विणतात आणि रंग दगडासारखा होतो. आयसोसायनेट हे नाव आपल्याकडे १९८४ च्या भोपाळमुळे माहीत झालं. तिथला मिथिल आयसोसायनेट हा याच कुळातला, पण फार उडून जाणारा. रंगातला भाऊबंद सहजी उडत नाही, म्हणूनच त्याला वास नाही. पण गनमधून रंग तुषार होऊन निघाला की प्रत्येक तुषारात तो असतो, आणि तो थेट श्वासनलिकेत जाऊन बसतो.

मग काय होतं? बरेच दिवस काहीच नाही. काहींना कधीच नाही. पण काहींचं शरीर एके दिवशी या द्रव्याला शत्रू म्हणून ओळखायला शिकतं. त्यानंतर नाकाला काय, यंत्रालाही जेमतेम कळेल एवढ्याशा मात्रेनेही छाती आवळते, शिट्टीसारखा आवाज येतो, रात्री-बेरात्री खोकला उठतो. एकदा ही ओळख पटली की ती पुसता येत नाही. तो माणूस त्या शेडमध्ये पुन्हा पाऊल ठेवू शकत नाही. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेच्या हिशेबाने असा रंग मारणाऱ्यांना दमा होण्याचा धोका इतर कामगारांच्या सुमारे ८० पट आहे. दम्याचा झटका बरेचदा काम संपल्यावर काही तासांनी, घरी आल्यावर येतो. त्यामुळे घरच्यांना वाटतं हवा बदलली, थंड खाल्लं. कामाशी संबंध लागत नाही. डॉक्टरकडे गेल्यावर आपण टू-पॅक मारतो हे पहिल्या वाक्यात सांगावं. नुसतं “पेंटर आहे” म्हटलं तर डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर भिंतींचा चुना येतो.

रुमालाचा इथे काडीचा उपयोग नाही. कागदी मास्क धुळीसाठी असतो, वाफ त्यातून आरपार जाते. कोळशाच्या डब्या लावलेला मास्क थिनरला चालतो, पण टू-पॅकच्या फवारणीला तोही विसंबण्याजोगा नाही. डब्या भरल्या हे आपल्याला वासावरून कळतं, आणि आयसोसायनेटला तर वासच नाही. त्यासाठी नळीने बाहेरची गाळलेली हवा आत सोडणारा मास्क लागतो. तो विकत आणल्यावरही एक चूक होतेच. कोट मारून झाला की कारागीर वाकतो, मास्कची काच वर करतो आणि रंग कसा बसलाय ते डोळे बारीक करून पाहतो. हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं, कारण कामावर त्याचं प्रेम असतं. पण तुषार अजून हवेत तरंगत असतात, फक्त दिसत नाहीत. फवारणीच्या चांगल्या बूथमध्ये ते निघून जायला काही मिनिटं लागतात, बूथ नसलेल्या खोलीत वीस मिनिटांहूनही जास्त. आपल्या जागेला किती वेळ लागतो ते एकदा धूर सोडून मोजावं, तो आकडा दारावर लिहावा, आणि तेवढा वेळ काच वर करू नये. मदतनीस पोरगाही त्याच हवेत उभा असतो. त्याला मास्क देणं शक्य नसेल तर त्याला बाहेर पाठवावं.

हार्डनरचा डबा दमट हवेत उघडा राहिला तर त्यातलं आयसोसायनेट पाण्याच्या अंशाशी मिळून कर्बवायू सोडतं. पावसाळ्यात कोकणात झाकण घट्ट लावलेला अर्धा डबा फुगलेला दिसला तर तो ह्यामुळे. असा डबा तोंडासमोर धरून उघडू नये. उरलेला मिसळलेला रंगही झाकण आवळून ठेवू नये. इपॉक्सीचं वेगळंच असतं. राळ आणि हार्डनर एकत्र आले की उष्णता निघते. पत्र्यावर पातळ थरात ती उडून जाते, पण बादलीत पाच किलो कालवून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत बादलीतून धूर निघत असेल. लागेल तेवढंच कालवावं. उरलं तर पसरट पत्र्यावर ओतावं. आणि फायबरग्लासच्या किंवा लांबीच्या कामातला पाण्यासारखा दिसणारा हार्डनर, एमईकेपी, डोळ्यात एक थेंब गेला तरी दृष्टी जाऊ शकते. चष्मा घालूनच तो हाताळावा. उडालाच, तर निदान पंधरा मिनिटं नळाखाली डोळा उघडा धरून धुवावा आणि मगच दवाखान्याकडे पळावं. तो कोबाल्टच्या ॲक्सिलरेटरमध्ये थेट कधीही ओतू नये, स्फोट होतो. आधी एक राळेत पूर्ण मिसळायचा, मग दुसरा.

चिंध्यांबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण शेड झाडून कुलूप लावल्यावर होणाऱ्या आगींत त्यांचा हात असतो. जवसाचं तेल वाळतं ते हवेतला प्राणवायू घेऊन, आणि त्यात उष्णता निघते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला की आतली उष्णता बाहेर पडत नाही. ती साठत जाते आणि काही तासांनी, काडी न लावता, बोळा पेटतो. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात २३ फेब्रुवारी १९९१ रोजी ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीच्या बाविसाव्या मजल्यावर लाकडी कामाला वापरलेल्या अशाच चिंध्यांतून आग लागली. तीन अग्निशामक जवान त्यात गेले आणि इमारत पुन्हा वापरात आलीच नाही. चिंध्या दोरीवर एकेक करून पसराव्यात किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकाव्यात. याला पैसे लागत नाहीत.

आता पलीकडच्या वेळेकडे, रंग उतरवण्याकडे वळू. इथे मराठी माणसाला एक गोष्ट आधीपासून माहीत आहे, फक्त ती या नावाने माहीत नाही. गावोगावच्या मारुतीला आपण शेंदूर तेलात कालवून लावतो. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं तांबडं ऑक्साइड. आणि शंभर-दीडशे वर्षं जगभरच्या पुलांना, जहाजांना, टाक्यांना, रेल्वेच्या गर्डरना गंज धरू नये म्हणून जो तांबडा-नारिंगी प्रायमर लावत, तो हेच ऑक्साइड जवसाच्या तेलात कालवून केलेला. लोखंडाला लावलेला शेंदूरच म्हणा. आजचा विटकरी ‘रेड ऑक्साइड’ वेगळा, तो लोखंडाचा. त्यात हे विष नाही. पण जुन्या लोखंडावर वरचे चार थर खरवडल्यावर खाली भडक नारिंगी दिसला तर हात थांबवावा. भडक पिवळा आणि पिवळ्यातून साधलेला हिरवा हेही संशयातले, कारण शिशाच्या क्रोमेटचा रंग तोच. त्यात क्रोमियमचीही भर असते, ज्याच्या धुळीने फुप्फुसाचा कर्करोग होतो.

आता शिसं बंद झालं ना, असं कुणी विचारेल. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या वर नको, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, असा नियम भारत सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण नियमाच्या नावातच ‘घरगुती आणि सजावटीच्या’ असं आहे. औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. शिवाय नियमाआधीचं सगळं लोखंड तसंच उभं आहे; जुन्या शिशाच्या रंगांत वजनाने निम्म्यापर्यंत शिसं असे. मला हा नियम अर्धाच झाला असं वाटतं, आणि उरलेला अर्धा व्हावा ही मागणी कामगार संघटनांनी लावून धरायला हवी.

शिशाला वास नाही. त्याची धूळ नाकाला झोंबत नाही, खोकलाही येत नाही. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं, हाडातलं मात्र दशकं राहतं आणि तिथून परत झिरपत राहतं. इटलीतल्या बेर्नार्दिनो रामाझ्झिनीने १७०० साली कामगारांच्या आजारांवर जे पुस्तक लिहिलं त्यात चित्रकार-रंगाऱ्यांची फिकट चर्या आणि दुखणी त्याने रंगातल्या शिशाकडे बोट दाखवूनच नोंदली. पोटात पिळवटून कळा, रक्तक्षय, आणि फार झालं तर मनगट लुळं पडून हात खाली लोंबणं. हे लोंबणारं मनगट जुन्या वैद्यकात रंगाऱ्याची खूणच मानलं जाई. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने नोंद सक्तीच्या आजारांची यादी केली, तिच्यात पहिलं नाव शिशाच्या विषबाधेचंच होतं.

म्हणून शिशाच्या रंगाला कोरडा ग्राइंडर लावू नये आणि ज्वाला दाखवू नये. मुंबईत रे रोडच्या दारूखान्यात जहाजं तोडताना रंगासकट पत्र्यावर गॅसकटर चालतो तेव्हा जो धूर उठतो, त्यात रंगातली सगळी रसायनं बारीक होऊन मिसळलेली असतात. शिसं धुरातून आत जातं ते धुळीपेक्षाही लवकर भिनतं. अमेरिकी नियमात एक साधा उपाय आहे: बंदिस्त जागेत कापण्याआधी कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंचा विषारी रंग चार इंच, म्हणजे जवळपास अर्धी वीत, आधी उतरवायचा. पीयू रंगालाही हेच लागू. तो वाळलेला असताना बिचारा गप्प असतो, पण त्यावर वेल्डिंग केलं की तापून मोडतो आणि त्यातून आयसोसायनेट पुन्हा मोकळं होतं. रंगाऱ्याचा दमा वेल्डरला होतो तो असा. हीट गन वापरायची तर तापमान आवरून. शिशाच्या रंगासाठी ११०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ५९३ अंश सेल्सिअसच्या वर जाणाऱ्या गनला अमेरिकेत बंदी आहे. सगळ्यात बरं म्हणजे पाणी. ओला करून, पाणकागदाने घासावा. चिखल होतो, वेळ लागतो, पण धूळ उडत नाही. तो चिखलही गटारात न सोडता गोळा करायचा.

मोठ्या कामाला ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या जोराने कण मारून रंग उडवणं, लागतंच. पण ते नदीच्या वाळूने नको. वाळूचा कण पत्र्यावर आपटून फुटतो, त्यातलं बारीक सिलिका फुप्फुसात रुतून बसतं आणि सिलिकोसिस होतो. त्यावर औषध नाही. ओतीव वस्तू आणि इतर नग साफ करताना वाळू वापरायला ब्रिटनने १९४९ च्या नियमांनीच मनाई केली. स्टील ग्रिट किंवा गार्नेट वापरावं. आणि कामाभोवती आडोसा करावा. स्कॉटलंडचा फोर्थ रेल्वे पूल १८९० मध्ये खुला झाला. त्यावर साठलेले शिशाच्या रंगाचे थर काढायचं काम २०११ मध्ये संपलं तेव्हा ते पुलाचा एकेक भाग पडद्यांत गुंडाळून, आतली धूळ आतच धरून केलेलं होतं.

रसायनाने रंग काढायच्या जेलीत बरीच वर्षं एक द्रव्य राज्य करत आलंय: मिथिलीन क्लोराइड. लावलं की दहा मिनिटांत रंग सुरकुततो. त्याला गोडसर वास आहे, नकोसा वाटत नाही. ते ४० अंशांनाच उकळतं, म्हणजे वैशाखात विदर्भातल्या शेडमध्ये डबा उघडला की ते उकळायलाच लागेल. वाफ हवेहून जड. शरीरात गेल्यावर यकृत त्याचं कार्बन मोनॉक्साइड करतं, म्हणजे माणूस मोकळ्या खोलीत असूनही बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवल्यासारखा आतून गुदमरतो. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात न्हाणीघरातल्या टबांचा जुना थर उतरवणारे १३ कामगार यानेच गेले. टब हे खोलगट भांडं, वाफ त्यातच साचलेली, आणि कामगार वाकून डोकं आत घातलेला. तिथे घरगुती वापरासाठीचे असे रंग काढणारे डबे २०१९ मध्ये बंद झाले. रबराचे किंवा निळे नायट्राइल हातमोजे हे द्रव्य काही मिनिटांत भेदतं. हात सुरक्षित आहे असं वाटत राहतं, एवढंच. कॉस्टिकची जेली वाफ सोडत नाही, पण कातडी आणि डोळे जाळते. ॲल्युमिनियमवर तर ती लावूच नये, हायड्रोजन निघतो.

टब म्हटला की आपल्याकडची टाकी आठवते. सोसायटीच्या गच्चीवरची, जमिनीखालची, कारखान्यातली. आत उतरून रंग काढणारा किंवा इपॉक्सी मारणारा माणूस अचानक बसल्या जागी कलंडतो. वर उभा असलेला सोबती त्याचं नाव घेत आत उडी मारतो, आणि तोही कलंडतो. भावाभावांची, बापलेकांची जोडीच्या जोडी अशी जाते. आत जाण्याआधी पंख्याने खालपर्यंत हवा सोडावी, ती काम संपेपर्यंत चालू ठेवावी, हवा यंत्राने मोजावी, आत २४ व्होल्टच्या वरचा दिवा नेऊ नये, आणि उतरणाऱ्याच्या छातीला पट्टा बांधून दोरीचं टोक वरच्याच्या हातात असावं. वरच्याने काहीही झालं तरी आत उतरायचं नाही, ओढायचं. हे त्याला आधी शपथ घालून सांगावं, कारण त्या क्षणी मायेपुढे अक्कल चालत नाही.

गूळ आणि दूध यांबद्दलही बोलायला हवं. रंगाच्या कामावर संध्याकाळी गुळाचा खडा वाटायची रीत जुनी आहे, आणि देणाऱ्याच्या मनात आपुलकीच असते. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान केंद्रात उंदरांवर गुळाचा प्रयोग झाला होता, १९९४ मध्ये तो छापूनही आला. गूळ दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसातून धुळीचे कण लवकर हलले असं त्यात दिसलं. पण ते उंदीर होते आणि ती कोळशाची आणि सिलिकाची धूळ होती. थिनरची वाफ, आयसोसायनेट, शिसं यांना गूळ अडवत नाही. दुधाने शिसं उतरतं हेही खरं नाही. खरं एवढंच की उपाशी पोटी आणि शरीरात लोह-कॅल्शियम कमी असताना शिसं जास्त शोषलं जातं. तेव्हा कामावर जेवून यावं, गूळ-दूध आवडीने घ्यावं, पण मास्कच्या पैशांच्या बदल्यात घेऊ नये. आणि ते हात धुऊन खावं. हात थिनरने धुणं थांबवावं. ते कातडीतलं तेल काढून स्वतःच आत शिरतं. खोबरेल तेल चोळून रंग सैल करायचा, मग साबण.

मास्क घातला तरी तो चेहऱ्याला चिकटला पाहिजे. दोन दिवसांची खुंटं असली तरी कडेने हवा आत येते. दाढी ठेवायची असेल तर डोक्यावरून येणारा, हवा भरणारा टोप घ्यावा, तो मिळतो.

शिशाचं काम असेल तर संध्याकाळी कपडे कामाच्या जागीच बदलायचे असतात. मजुराच्या घरी लेकरू उंबऱ्यात वाट पाहत असतं आणि बाप आत आला की त्याच्या पायाला मिठी मारतं; पँटच्या घडीत बसलेली धूळ तिथून त्याच्या हाताला आणि हातातून तोंडात जाते. लहान मुलाच्या मेंदूला शिशाची कुठलीच मात्रा सुरक्षित मानली जात नाही. म्हणून निघण्याआधी: कपड्यांवरून धूळ शोषणारं यंत्र फिरवायचं, झटकायचं नाही. मग बूट. मग ओव्हरऑल, आतली बाजू बाहेर करत, गुंडाळत. मग हातमोजे. मास्क सगळ्यात शेवटी, कारण कपडे उतरवताना धूळ पुन्हा उठते. मग तोंड, मान, केस धुऊन, घरचे कपडे चढवून बाहेर पडायचं. कामाचे कपडे पिशवीत, तोंड बांधून. ते घरच्या कपड्यांबरोबर एका बादलीत भिजायला टाकायचे नाहीत.